वर्डी स्टॉलवर्थने पाहिलेलं काळीज

कॅल्डर्स फेरी गावातल्या निम्म्या लोकांची काळजं वर्डी स्टॉलवर्थने पाहिली होती. अलाबामातल्या त्या नदीकाठच्या इस्पितळात ती टूडी इको काढायची, तेही तरुणपणापासून. बाजारात कुणी समोर आलं की तिला आधी त्याचं काळीज आठवायचं आणि मग नाव. मिसेस ओडम दिसल्या की ‘बिचारीची झडप गळते’ असं मनात यायचं, आणि तोंडाने ती म्हणायची, “काय हो, नवी टोपी का? शोभतेय.” पडद्यावर पाहिलेलं पोटात ठेवायचं, हे ती इतकं पाळत आली होती की नवरा हयात असतानाही त्याला तिच्याकडून कधी एक अक्षर कळलं नव्हतं.

शनिवारी मात्र हीच बाई ओळखू यायची नाही. कॅल्डर कॉलेजची फुटबॉलची, म्हणजे तिकडच्या चेंडू काखेत घेऊन धावायच्या फुटबॉलची, मॅच असली की ती केशरी सदरा चढवून, उकडलेल्या शेंगांचा पुडा मांडीवर घेऊन स्टेडियमच्या पूर्वेच्या बाजूला बसायची आणि असा आवाज लावायची की पलीकडच्या बाजूचे लोकही मान वळवायचे. ती पोर असताना काळ्या माणसांना आत बसायला जागा नव्हती. तेव्हा तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहायचा. पुढे आत जायला मिळालं, त्या दिवशी बाप मॅचभर नुसता हिरवळीकडे बघत राहिला. त्यानंतर वर्डीने घरची मॅच क्वचितच चुकवली.

दोन हजार वीसच्या उन्हाळ्यात गावात भांडण पेटलं ते याच मॅचवरून. कोरोना आला, शाळा बंद झाल्या, चर्चमधलं गाणं बंद झालं. मिसेस ओडमचे यजमान एप्रिलमध्ये गेले आणि त्यांना पोचवायला जेमतेम घरचे लोक होते. तरी ऑगस्ट उजाडला तसा एकच विषय उरला. कॉलेजने यंदा फुटबॉल खेळावा की नाही? विश्वस्त ठरवत नव्हते. प्रशिक्षक बल्यू ज्याला त्याला सांगत होते, “पोरं माझ्या नजरेखाली असतात तेवढीच सुरक्षित असतात. घरी बसवलीत तर गावभर उंडारतील.” अर्ध्या गावाच्या अंगणात केशरी पाट्या लागल्या होत्या: ‘पोरांना खेळू द्या.’

एक पाटी वर्डीच्याही अंगणात होती. ती तिच्या धाकट्या भावाने, हर्शेलने ठोकली होती, पण तिच्या संमतीने. हर्शेलचं स्टेडियमच्या दाराशी धुरावर भाजलेल्या डुकराच्या मांसाचं दुकान होतं. शनिवार नाही तर दुकान नाही, असा सरळ हिशेब. पण त्याच्या बोलण्यात फक्त धंदा नव्हता. “अगं वर्डे, गावात दुसरं आहे काय? गिरणी गेली, रेल्वे गेली. हे एवढंच राहिलंय. ते पण काढून घेणार?”

“मी कुठे नाही म्हणतेय?” वर्डी म्हणाली. “तरणीताठी पोरं आहेत. दोन दिवस ताप येतो नि जातो. म्हाताऱ्यांनी घरी बसावं, पोरांनी खेळावं.”

हे ती मनापासून म्हणाली होती.

त्याच आठवड्यात कॉलेजने एक नियम काढला. ज्या खेळाडूंना कोरोना होऊन गेला त्यांचं काळीज तपासून घ्यायचं. एकेक पोरगा इस्पितळात येऊ लागला. सगळी निरोगी, दणकट काळजं. वर्डी मास्कच्या आड गुणगुणत काम उरकत होती. मग टोबायस रेनफ्रो आला.

टोबीला गावात कोण ओळखत नव्हतं! बचावफळीच्या मधोमध तो उभा राहायचा, आणि समोरून चेंडू घेऊन धावत येणारा गडी त्याच्यावर आदळून भिंतीवर आदळल्यासारखा खाली बसायचा. डोंगराकडच्या एका वाडीतला गोरा पोरगा, बाप लाकडाच्या ट्रकवर. खोलीत शिरताना तो दारात किंचित वाकला, आणि टेबलावर आडवा झाला तेव्हा टेबल कुरकुरलं.

“मोडलं तर तुमच्या नावावर हं, मिस वर्डी,” तिकडच्या अदबीच्या रीतीने तो म्हणाला.

“मोड तू. दोन वर्षं नवं मागतेय, कुणी देत नाही. डाव्या कुशीवर हो. हात डोक्याखाली.”

“गार लागेल का?”

“एवढा धिप्पाड तू, आणि छातीला लावायच्या जेलला घाबरतोस?”

तो हसला. तिने दिवा मंद केला, बरगड्यांच्या फटीत यंत्राचा प्रोब टेकवला आणि पडद्याकडे पाहिलं.

तिचा हातच थांबला. इतकी वर्षं ती काळजं बघत आली होती. थकलेली, जाड झालेली, चरबीने वेढलेली, झडपा चुन्यासारख्या कडक झालेली. हे तसलं नव्हतंच. हे ऐसपैस होतं, आणि संथ. एक ठोका पडायचा, सबंध स्नायू पिळून यायचा, मग निवांत उघडायचा, जणू घाई कशी ती त्याला ठाऊकच नव्हती. झडपा पाखराच्या पंखांसारख्या मिटत नि उघडत होत्या. पूर्वेच्या बाजूला बसून ज्या ताकदीपायी ती घसा फोडून ओरडायची, ती ताकद इथे, या काळोख्या खोलीत, तिच्या हातापासून वितीवर, कुणी बघत नसताना आपलं काम करत होती. देवाला इतकं नीट काही घडवता येतं, आणि ते तो कातडीआड झाकून ठेवतो! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वतःचंच हसू आलं.

“श्वास सोड. थांब तसाच.”

मग तिला ते दिसलं. खालच्या भिंतीचा एक तुकडा. बाकी सगळा स्नायू आत ओढला जाई, तेव्हा हा मागे रेंगाळायचा. आणि काळजाच्या बाहेरून पाण्याची एक काळी, बारीक रेघ. तिने कोन बदलला. पुन्हा बदलला. रेघ तिथेच होती.

“टोबी, छातीत दुखतं का रे कधी? धाप लागते?”

“नाही बाई. काल टेकडीवर पळालो. सगळ्यांच्या आधी वर पोचलो.” त्याने मान उचलली. “का? सगळं ठीक आहे ना?”

“ते डॉक्टर सांगतील. मी नुसती चित्रं काढते.”

हे वाक्य तिने आजवर कितीतरी जणांना ऐकवलं होतं. मास्कमुळे तिचे डोळेच तेवढे दिसत होते. टोबी त्या डोळ्यांकडे बघत राहिला, आणि मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर फॅरिसनी चित्रं दोनदा पाहिली आणि त्याच दिवशी टोबीला मोठ्या तपासणीसाठी बर्मिंगहॅमला धाडलं. तिथे तेच निघालं. आजार गेला होता, पण जाताना काळजाला सूज ठेवून गेला होता. विश्रांती घेतली तर बहुतेक उतरेल. पण तसंच पळवलं, आपटवलं, तर ऐन मैदानात ते एकाएकी थांबू शकतं. निदान या सालापुरतं खेळणं बंद.

संध्याकाळी वर्डी घरी आली, गाडीतून उतरली आणि पर्स हातात असतानाच अंगणातली पाटी उपटून गॅरेजमध्ये टाकली.

हर्शेलला ते दुसऱ्या दिवशी सकाळीच कळलं. तो बिस्किटं आणि सॉसेज घेऊन आला होता, ती तशीच हातात धरून पायरीवर उभा राहिला. “पाटी कुठाय?”

“काढली.”

“वाऱ्याने पडली की काढली?”

“काढली म्हटलं ना.”

“का पण?”

वर्डी पायरीवरचा पाचोळा झाडू लागली.

“कुणी कान भरले? त्या ओडमबाईंनी? आणि ऐकलंस का, टोबी रेनफ्रोने माघार घेतलीय! सराव नाही, काही नाही. प्रशिक्षक कारणही सांगेनात. एवढा रेड्यासारखा पोरगा, आणि तापाला घाबरला!”

“हर्शेल, त्या पोराला काही बोलू नकोस.”

“का नाही बोलू? सगळं गाव बोलतंय. भित्रा आहे तो.”

तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य, आणि भावाचं तोंड बंद झालं असतं. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि दार लावून घेतलं. पुढचे कितीतरी दिवस बहीणभाऊ बोलत नव्हते. हर्शेल दुकानावर येईल त्याला सांगायचा, “आमची वर्डी फिरली. बापाने खांद्यावर बसवून हेच शिकवलं होतं काय?” हे तिच्या कानावर आलं. ते तिला फार लागलं.

शेवटी विश्वस्तांनी सगळ्यांचं ऐकून घ्यायचं ठरवलं. एका रविवारी दुपारी, चर्च झाल्यावर, स्टेडियममध्येच सभा भरली. लोक मास्क लावून, मध्ये जागा सोडून विखुरले होते. खेळाडू एका कोपऱ्यात. माईक खाली, मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यांजवळ.

बोलणारे पुष्कळ होते. मिसेस ओडम म्हणाल्या, “इस्पितळात माझ्या माणसाला शेवटचं बघता आलं नाही मला. तुम्ही मॅच बघा.” एवढं बोलून त्या जागेवर गेल्या. एका खेळाडूच्या आईने सांगितलं, की माझा मुलगा खेळला नाही तर कॉलेजही सोडेल, मग त्याला सांभाळणार कोण? तेही खोटं नव्हतं. मग हर्शेल उठला. टोपी मागे सारून तो रंगात येऊन बोलला. गाव, बाप, कुंपण, शनिवार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी तो वाहवला.

“भीती सगळ्यांनाच वाटते,” तो म्हणाला. “पण काही जणांनी तर पट्टे ओलांडायच्या आधीच शेपूट घातलं. नाव घेत नाही. तो इथेच बसलाय, आणि चांगला उंच आहे.”

लोक हसले. वर्डी ताडकन उभी राहिली. “पुरे, हर्शेल! खाली बस!” माईक नसताना तिचा आवाज सबंध स्टेडियमभर गेला. हर्शेल दचकला. पुढचं सांगणं तिच्या हातात नव्हतं.

टोबीने तिच्याकडे पाहिलं. मग तो उठला आणि सावकाश पायऱ्या उतरून माईकपाशी गेला.

“मिस्टर हर्शेल, तुमचं खरं आहे, मला भीती वाटते,” तो म्हणाला. “माझ्या काळजाला सूज आहे. डॉक्टर म्हणतात, खेळलो तर इथेच पडेन.” त्याने पायाखालच्या गवताकडे बोट दाखवलं. “मला काहीच कळलं नव्हतं. मला काही होतच नव्हतं. दोन दिवस नाक गळलं, बस. आदल्या दिवशी टेकडीवर मी पहिला आलो होतो.”

एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये झेंड्याच्या दोरीची खांबावरची टकटक तेवढी ऐकू येत होती.

“मी खेळू नका म्हणत नाही. मला खेळायचंय. इतकं खेळायचंय, की कोणी तपासलं नसतं तर बरं झालं असतं, असं एकदा मनात आलं. खोटं कशाला बोलू? पण आता मी माझ्या बाजूच्या गड्याकडे बघतो, आणि त्याच्या आत काय चाललंय ते मला दिसत नाही. त्यालाही दिसत नाही. तुम्हाला दिसतं का?”

तो परत वर चढू लागला. मध्येच थांबला. श्वास घ्यायला थांबला की कशाला, कुणास ठाऊक. पण सगळे त्या पाठीकडे बघत राहिले. वर्डीला वाटलं, ती रेंगाळणारी भिंत आज त्या पडद्याबाहेर सगळ्या गावाला दिसते आहे. वीस वर्षांचं पोर. ज्या गावाने त्याला भित्रा म्हटलं, त्याच्यासमोर त्याने आपलं काळीज स्वतःच्या हाताने उघडून ठेवलं. तिने आजवर कितीही पाहिलं असलं, तरी असं काही पाहिलं नव्हतं.

प्रशिक्षक बल्यू भाषणाचा कागद घेऊन आले होते. ते उठलेच नाहीत.

विश्वस्तांनी खेळ वसंतापर्यंत पुढे ढकलला. सगळ्यांना ते पटलं असं नाही. बाकीच्या पोरांची काळजं धडधाकट निघाली, तेव्हा ‘एकासाठी सगळ्यांना का बसवलं?’ असं विचारणारे होते. दोन खेळाडू दुसऱ्या कॉलेजात गेले. कितीतरी अंगणांतल्या पाट्या हिवाळाभर तशाच उन्हापावसात विटत राहिल्या.

सभेनंतर हर्शेल गाड्यांच्या तळावर वर्डीची वाट बघत होता. टोपी हातात.

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“मी एवढं टाकून बोललो, बापाला मध्ये आणलं, तेव्हाही?”

“हो.”

“मग एक शब्द बोलली असतीस तर?”

“तो माझा नव्हता बोलायचा.”

हर्शेलने टोपी डोक्यावर घातली. “मी त्या पोराकडे जाऊन येतो,” म्हणाला. गेलासुद्धा. टोबीच्या आईने दार उघडलं तर हा मांसाचा मोठा डबा घेऊन उभा. नंतर आठवड्यातून एकदा डबा जाऊ लागला. टोबीनेच शेवटी हात जोडले, “आता बस करा हो, मिस्टर हर्शेल. सूज उतरेल पण पोट सुटेल.”

फेब्रुवारीत टोबी पुन्हा तपासणीला आला. ती भिंत बाकीच्यांबरोबर आत येत होती, आणि काळी रेघ नाहीशी झाली होती. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनीही होकार दिला. मार्चच्या अखेरीस, फुलोऱ्याच्या दिवसांत, थोडक्याच लोकांना आत सोडून मॅच झाली. कॅल्डर कॉलेज सपाटून हरत होतं. अखेरच्या डावात प्रशिक्षकांनी टोबीला मैदानात धाडलं. पलीकडचा गडी चेंडू काखेत मारून सुसाट आला आणि टोबीवर आदळून खाली बसला. टोबीही पडला.

हर्शेलने वर्डीचा दंड धरला.

टोबी उठला, आणि वाकून त्याने त्या गड्याला हात देऊन उभं केलं. भोवतीचे लोक ओरडत होते. वर्डी उभी होती, आणि ओरडायचं सोडून टोबीची छाती नीट वरखाली होतेय ना, ते बघत होती.