चामड्याचा चेंडू आणि माझं कपाळ

गेवराईच्या एका शाळेत मी मुलींना खेळ शिकवते. एका दुपारी सराव संपल्यावर माझ्या फुटबॉलच्या पोरींना मी एका इंग्रज खेळाडूची गोष्ट सांगितली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला पगारी खेळाडू. पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेला. सामन्याला प्रेक्षकांसोबतच ट्रामने जायचा. डोक्याने गोल मारण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. पुढे गुडघा गेला, खेळ सुटला, मग तो पोरांना शिकवू लागला.

"आणि चेंडू चामड्याचा, वर नाडी बांधलेली. भिजला की धोंड्यासारखा जड!"

"मग डोकं फुटत न्हवतं का वो त्याचं?" कप्तान पोरीने विचारलं.

"बघू या का?" मी म्हणाले, आणि पोरी किंचाळल्याच.

शनिवारी मी मांजरसुंब्याला गेले. तिथे एक चाचा ट्रकच्या गाद्या शिवतात.

"गादी सांगा, शिवतो. पण नाडीवाला गेंद कावून पायजे, ताई?"

मी उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितली. चाचांनी मशीन थांबवलं. "खाणीतला माणूस हाय म्हणता? मग पक्का शिवावा लागंल."

आठवड्याने ते स्वतःच चेंडू घेऊन शाळेत हजर झाले. जुन्या सुटकेसचं चामडं, आत रबरी ब्लॅडर, आकार एका बाजूने पपईसारखा. आम्ही तो दुपारभर टाकीत बुडवून ठेवला. मग शिक्षक विरुद्ध मुली असा सामना लावला. मुलींनी डोकं लावायचं नाही, फक्त पाय, अशी मी सक्त ताकीद दिली. ताकीद मला लागू नव्हती.

गणिताच्या सरांनी पहिली लाथ मारली. चेंडू हातभर सरकला, सर मात्र अंगठा धरून मैदानभर नाचले. मग आमच्या बाजूच्या एका बाईंनी कोपऱ्यातून कसाबसा तो उंच उडवला. चेंडू गरगरत माझ्याकडे आला. मी डोळे मिटून उडी मारली. थप्प! भर दिवसा चांदण्या दिसल्या. डोळे उघडले तर चेंडू गोलाच्या खुणेच्या दोन विटांमधून पार गेलेला.

"तू बाजूला कावून झालीस?" मी गोलकीपर पोरीला विचारलं.

"मॅडम, मला घरी आई-बाप हायेत!"

मी मातीत फतकल मारून खो खो हसत सुटले. माझ्या कपाळावर नाडीची जाळी उमटली होती. गोल पोरींवरच झाला होता, तरी त्यांनीच मला उचललं, दोनदा पाडलं आणि पुन्हा उचललं. भांडण पेटलं समजून मुख्याध्यापक धावत आले.

"ताई, एकदा मला बी," म्हणत चाचांनी पायजमा वर खोचला. ते धावले, उडाले, चेंडू चुकला आणि ते थेट मुख्याध्यापकांच्या मिठीत.

जाळीचं चिन्ह चार दिवस टिकलं. मी ते अभिमानाने मिरवलं.

परवा मांजरसुंब्यावरून जाताना दुकानात डोकावले. चाचा एका ड्रायव्हरला सांगत होते, "लई पाऊस, गुडघाभर चिखल, अन् त्या खाणीतल्या माणसानं डोक्यानं पाच गोल मारले!"

मी पाच सांगितले नव्हते.

"मग?" ड्रायव्हर म्हणाला.

मीही बाकावर टेकले.