संदेशदादाच्या नावाचा अलर्ट

अलिबागच्या स्टँडवर आप्पांनी माझी बॅग एसटीत चढवली, खाली उतरले आणि खिडकीशी उभे राहिले. म्हणाले, "संदेश हाय तिथं. त्याला धरून ऱ्हा." आई रडत नव्हती. पोरीला बेंगळुरूला कंप्युटरमधी नोकरी लागली, असं ती आमच्या थळ गावच्या ओळखीच्या बायांना सांगत होती.

संदेशदादा म्हणजे माझ्या उरणच्या आत्याचा मुलगा. तो काम करायचा त्या कंपनीत माझं नाव त्यानेच सुचवलं. खोली शोधून दिली, भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं कानडी शिकवलं. रविवारी त्याच्याकडे सुक्या बोंबलाचं कालवण व्हायचं, घरमालकिणीला वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून. गावाकडच्यांनो, आमची चैन ती एवढीच.

कंपनीच्या सर्व्हरवर नजर ठेवणं हे आमचं काम. कुणी पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड टाकला की स्क्रीनवर लाल अलर्ट येतो आणि तो कशामुळे आला ते शोधायचं असतं. दादा मला शिकवताना म्हणायचा, अलर्ट ही तक्रार असते, निकाल नव्हे.

एके दिवशी पगाराच्या सर्व्हरवर असे अलर्ट येऊ लागले. नाव दादाचं होतं. त्या सर्व्हरवर त्याचं काहीच काम नव्हतं. मला शोधू द्या, एवढंच तो मॅनेजरला विनवत राहिला. मॅनेजरने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं, लॅपटॉप घेतला, सगळ्यांसमोर गळ्यातलं ओळखपत्र उतरवायला लावलं. सिक्युरिटीवाल्याने पिशवीतून काही नेतोय का म्हणून जेवणाचा डबासुद्धा उघडून पाहिला. मागे कुणीतरी हसलं. दादाने डब्याचं झाकण नीट लावलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी अलर्ट पुन्हा आला, त्याच नावाने. दादा तेव्हा उरणच्या वाटेवर, रिकाम्या हातांनी. म्हणून मी लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, उपसायला बसले. पगाराचा सर्व्हर चालू आहे की नाही हे आपोआप तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम आमच्याच मशीनवर सापडला. फार पूर्वी, याच मॅनेजरच्या सांगण्यावरून, तो दादाच्या नावाने लावला होता. नियमाप्रमाणे दादाने पासवर्ड बदलला. प्रोग्रॅम मात्र जुनाच पासवर्ड टाकत राहिला. कुणीच आत शिरू पाहत नव्हतं.

मी ते मॅनेजरला दाखवलं, वरच्या साहेबांनाही मेल केला. मॅनेजरने शांतपणे वाचलं.

"छान शोधलंस. आता प्रोग्रॅमला दुसरं नाव दे, त्याचं खातं पुसून टाक आणि तक्रारीचं टिकीट बंद कर."

दादाला परत बोलवाल ना, असं विचारलं तर म्हणाला, काढलेला माणूस परत आणला तर आपण चुकलो असं दिसतं. वरून उत्तर आलं ते माझ्या कौतुकाचं.

मी दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खातं तूच पूस. दुसऱ्या कुणाचा हात नको."

पुसलं.

आता तो उरणला कंटेनर यार्डात गाड्यांच्या नोंदी करतो. त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं, कारण कंप्युटरमधून चोरी केली म्हणून काढला, ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली होती. मागच्या सुट्टीत मी आत्याकडे, शेजारीपाजारी, मुलीकडच्या लोकांकडेही जाऊन सांगून आले, की त्याने काही केलेलं नाही, मी स्वतः तपासलंय. सगळ्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला.

घरी आल्यावर आईने ताट वाढलं आणि ती म्हणाली, "तू अजून हायस ना तिथं? मंग कंपनी वाईट कशी? उगाच कुनाला काढतात व्हय?"

आप्पा जेवायला बसले.

जे माझ्यासारखे बाहेर पडलात, त्या तुम्हाला हे कळेल. बेंगळुरूत माझा शब्द खरा ठरला आणि त्याचा उपयोग झाला नाही. थळला माझं कौतुक आहे, ताट आहे, झोपायला जागा आहे. फक्त माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही, कारण माझी नोकरी टिकली. तरी दर सुट्टीला मी तिथेच जाते आणि म्हणताना अजून घरी जाते असंच म्हणते.