बेंबीच्या वरचा ठोका

लंडनजवळच्या हाउन्सलोचा इंद्रजित वानखडे विमानतळावरच्या कार्गो शेडमध्ये सुपरवायझर होता. सत्तेचाळिसाव्या वर्षी सिक्स पॅक करून दाखवायचेच, असं त्याच्या मनानं घेतलं. साखर सुटली, भात सुटला, जिम कधी चुकली नाही. आठ महिन्यांनी एका रविवारी सकाळी आरशात पोटाचे स्नायू उठून दिसले, तेव्हा त्यानं बायकोला हाक मारली.

मृणाल हसत आली आणि एकदम थबकली. "अरे, बेंबीच्या वर हे काय उडतंय?"

तिथली कातडी छातीच्या ठोक्याबरोबर वरखाली होत होती. इंद्रजितनं त्यावर हात ठेवून पाहिला. नागपूरला त्याचे वडील पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटल्यामुळे तासाभरात गेले होते.

"बाबांचंच आलंय मला," तो कसाबसा म्हणाला.

जीपीनं, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, तातडीनं स्कॅन ठरवला. तोवरचे दोन दिवस तो खोकायलाही घाबरत होता. जिना चढताना पोटावर हात धरायचा, आणि झोपायचा तो बसूनच.

स्कॅन चालू असताना त्यानं मृणालची बोटं दुखेपर्यंत दाबली. डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन वळवून दाखवली. "रक्तवाहिनी नॉर्मल आहे. वरची चरबी गेली, म्हणून ठोका दिसतोय. पण वडिलांना हा आजार होता, त्यामुळे काही वर्षांनी पुन्हा पाहू."

बाहेर बसस्टॉपवर त्याला रडू आवरेना. तशातच त्यानं नागपूरला धाकट्या भावाला फोन लावला.

"दिनू, माझं ऐक. उद्याच पोटाचा स्कॅन करून घे."