लाल जाझचा खटका

आमच्याकडं ऑर्केस्ट्रातल्या ड्रमसेटला जाझ म्हणतात. परतूरला रेल्वेलाइनीच्या कडेला माझं मंडपाचं दुकान आहे आणि त्याच्या मागची खोली जुन्या जाझांनी भरलेली आहे. डीजे आला आणि ऑर्केस्ट्रे बसले. कुणाच्या मोठ्या ड्रममध्ये कोंबडी अंडी घालत होती, कुणी त्यात ज्वारी भरून ठेवली होती. मी ते उचलून आणतो, गंज काढतो, कातडं सैल करून ठेवतो, जिनिंग सुरू झाली की कापसाचं तूस बसतं ते पुसतो. बायको म्हणते, माझ्या साड्यांना एवढं जपलं असतं तर. गाव मला भंगारवाला म्हणतं. म्हणू दे, त्यांच्या बापाचं काय जातं? एवढं खरं, की मला वाजवता येत नाही. ताल कळतो, हात ऐकत नाही.

लाल जाझ पिंपळगाव रेणुकाईचा. त्याचा मालक आमच्या मंडपात लई वेळा वाजवून गेला होता. माणूस देव, पण जाझला कुणी बोट लावलं की बिघडलाच. वाटूरच्या एका लग्नात नवरदेवाच्या भावानं हौसेनं काड्या उचलल्या, तर ह्यानं वऱ्हाडासमोर त्या हिसकावून घेतल्या आणि न जेवता निघून गेला.

तो वारल्यावर त्याच्या पोरानं मला बोलावलं. ‘‘काका, घेऊन जा हे. शेजारची चक्की बंद असली तरच घर शांत राहतं. न्हाईतर हा आपोआप वाजतो, आन् आई त्याच्याशी बोलत बसती.’’ मंग हळू आवाजात त्यानं बाकीचं सांगितलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. पोरानं हात जोडून सगळं कबूल केलं, आईला सांभाळीन, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा बाभळीवरून नुसता बघत राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून आईनं धरलं होतं, की ह्यांचा जीव जाझात अडकलाय.

मी मनात हसलो. मधल्या चपट्या ड्रमच्या पोटाखाली तारा असतात. बाजूचा खटका वर असला की त्या खालच्या कातड्याला टेकतात आणि जवळ काही धडधडलं की सर्रर्र करतात. वाजवून झालं की खटका खाली करायचा असतो. इथं तो वर राहिला होता, बस.

पण परतूरला आणल्यावर दुपारची गाडी गेली आणि कापडाखालून तो सर्रर्र आवाज आला, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. सगळं माहीत असून आला. खटका खाली करायला हात नेला आणि तसाच मागं घेतला. त्या लोखंडाला शेवटचं बोट त्याचं लागलं होतं. मी दार ओढून घेतलं, आणि पुढं कितीतरी दिवस गाडीच्या वेळेला त्या खोलीत जायचं टाळलं.

एक दिवस त्याची बायको एसटीनं आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. ‘‘भाऊ, इथं वाजतो का ओ?’’

खोटं बोलवेना. ‘‘वाजतो, वहिनी. पण ते हे आहे,’’ म्हणत मी खटका दाखवला, तारा दाखवल्या. वाटलं, बाईचा घोर मिटेल.

ती खटक्याकडं बघतच राहिली. ‘‘हे ते कधीच वर ठेवत नव्हते. त्या दिवशी वाजवता वाजवता पाणी प्यायला उठले, आन् माठापाशीच पडले. म्हणजे परत येऊन बसायचे होते. वाजवायचं राह्यलंच होतं त्यांचं.’’

समजूत घालायला गेलो आणि तिची भीती मीच पक्की करून बसलो.

‘‘तुम्ही वाजवा,’’ ती म्हणाली. ‘‘एकदा पुरं होऊ द्या. मंग सुटतील ते.’’

‘‘वहिनी, मला येत न्हाई.’’

‘‘जसं येईल तसं वाजवा.’’

बसलो. पाय एकीकडं, काड्या दुसरीकडं, मध्येच एक काडी निसटून खाली पडली. ती उचलून पुन्हा सुरू केलं. इतकं वाईट वाजवणं त्या लाल जाझनं जन्मात ऐकलं नसेल. ती पदर तोंडाला लावून, ड्रमवरची नजर न हलवता ऐकत होती. काहीतरी होईल म्हणून वाट बघत होती. मीही बघत होतो, कशाला नाकारू?

काहीच झालं नाही. मी थांबलो.

‘‘न्हाईत,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आत असते तर त्यांनी तुम्हाला एवढं वाजवू दिलं नसतं. गेले ते.’’

हेच कळावं म्हणून ती एवढ्या लांबून आली होती. ते कळलं, आणि ती तिथंच फरशीवर बसून अशी रडली, जणू माणूस आत्ता, या घडीला गेला असावा.