अंगातली शेगडी

कॅन्सरच्या पेट स्कॅनआधी अंग उबदार ठेवा, असं आम्ही पेशंटला बजावतो. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या त्या आजीबाई मात्र रोजच्यासारखं समुद्रात पोहून, ओल्या केसांनीच आल्या. दिलेलं ब्लँकेट त्यांनी घडी करून परत केलं.

स्क्रीनवर त्यांची मान आणि खांदे लख्ख उजळले. कॅन्सर पसरला की काय, म्हणून मी चित्र मोठं करून पाहिलं. पण उजेड दोन्हीकडे सारखाच होता. ती तपकिरी चरबी होती, थंडीत साखर जाळून ऊब देणारी; आणि स्कॅनआधी टोचलेली साखर जिथे जास्त शोषली जाते, तिथेच स्क्रीन उजळते. आठवड्यानं उबेत बसवून पुन्हा स्कॅन केला, तर सगळं स्वच्छ.

"तुमच्या आत शेगडी पेटली होती," मी सांगितलं.

"ग्रँड!" माझ्या दोन स्वेटरांकडे बघत त्या म्हणाल्या, "तुमची विझलेली दिसते, डॉक्टर. रविवारी या पोहायला."

मी अजून गेलेलो नाही. पण हल्ली एकच स्वेटर घालतो.