आईच्या चरबीचं गाऱ्हाणं

बिडीचा वास मला आजही सोसत नाही. आमच्या घरात तो गोधड्यांना होता, बाबांच्या सदऱ्याला होता, इतकंच काय, डब्यातल्या पिठालासुद्धा यायचा. बाबा सकाळी उठून आधी बिडी पेटवत, मग खोकत, मग अंगणात हिरवट बेडका टाकत. त्यावर पाणी ओतायचं काम माझ्याकडे. शिसारी यायची नुसती.

आणि हेच बाबा आईला 'म्हस' म्हणत. आई लठ्ठ होती, खोटं कशाला सांगू? घाटी चढताना तिला धाप लागे. पण ती जेवायला बसली की बाबा समोर उकिडवे बसून तिच्या घासावर डोळा ठेवत. "गीळ आजून," म्हणत, नि राख तिच्या पानाशेजारीच झाडत.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आईचे गुडघे फारच धरले, तेव्हा बाबा आम्हा दोघींना एसटीने देवरूखला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर आईला म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर हृदयाला झेपायचं नाही." तेवढ्यात बाबांना उबळ आली. डॉक्टरांनी त्यांचीही छाती तपासली. "वजन वाईटच," ते म्हणाले, "पण यांच्याआधी तुम्ही जाल. ती बिडी टाका."

बाबा हसले. "मी तर काडी हाय, डाक्टर! माज्या आंगाव चरबी कुटं हाय?" मरण जसं काही माणसाला तराजूत घालूनच नेतं!

वाडीत मात्र त्यांनी डॉक्टरांचं अर्धंच बोलणं सांगितलं. आईपुरतं.

त्या गणपतीत तर कहर झाला. आमच्याकडे आरतीनंतर घरचा कर्ता पुरुष देवापुढे गाऱ्हाणं घालतो. घरातली दुखणीखुपणी मोठ्याने सांगून मागणं मागायचं, आणि जमलेल्या पुरुषांनी दर मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांदेखत बाबांनी मागितलं, "बा देवा म्हाराजा, हिच्या आंगावरची चरबी उतरू दे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे दात काढून ओरडले. आई मोदकांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला त्या सगळ्या बाप्यांची किळस आली.

पुढचं मागणं मागता मागता बाबा खोकल्याने दुमडले. शब्द फुटेना. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं. आईने ताट खाली ठेवलं आणि बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नसताना हात जोडले.

"म्हाराजा, डाक्टर बोलले, माज्या आदी हेच जातील. ह्यांची बिडी सुटू दे."

कोणी 'व्हय' म्हटलं नाही. कुणाच्या कानावर बिडी होती, कुणाच्या खिशात. काकांनी घाईघाईने नारळ वाढवला आणि सगळे धूर काढायला अंगणात गेले. बाबाही गेले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. ऐकायला फक्त आई होती.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतरच्या गणपतीत गाऱ्हाणं काकांनी घातलं, कानावरची बिडी न काढता.