वंदनाचा पाण्यातला ड्रेस

नर्सच्या ड्युटी रूममध्ये किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. कपाटावर ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांसारखे. एक काढायला जावं तर चार अंगावर येतात! घाटंजीच्या बाजूला एका छोट्या सरकारी दवाखान्यात आम्ही तिघी होतो. इन्चार्ज शोभाताई, वंदना आणि मी, मीना. आमचे निम्मे किस्से वंदनाच्या एका ड्रेसचे आहेत. आणि त्या सगळ्यांत मी जळत असते, हे आधीच सांगून टाकते.

वंदनाचा धाकटा भाऊ मिलिंद अंदमानात स्कूबा डायव्हिंग शिकवतो. पोहायला शिकला तो गावच्या विहिरीत, आता पाठीवर हवेची टाकी बांधून लोकांना समुद्राखाली मासे दाखवत फिरतो. माझा भाऊ बाभुळगावला कापसाच्या गाड्या मोजतो. पाण्याशी त्याचा संबंध चहापुरता!

ज्या वर्षी बोंडअळीनं सगळीकडचा कापूस खाल्ला, त्या हिवाळ्यात मिलिंदनं आम्हा तिघींना बोलावलं. पण पार्सल आलं ते एकट्या बहिणीला. उघडलं तर काळा, रबरासारखा मऊ, मनगटापासून घोट्यापर्यंतचा ड्रेस. छातीवर निळा पट्टा. वेटसूट म्हणे! वंदनानं तो असा छातीशी धरला की मला माझा लग्नाचा शालूसुद्धा जुना वाटायला लागला.

"समुद्र गरम हाय म्हनते न तुहा भाऊ? मंग हे स्वेटर कायले?" मी विचारलं.

वंदनानं लगेच फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"मीनाताई, पानी अठ्ठावीस डिग्री असलं तरी आपलं आंग सदतीस," मिलिंद सांगायला लागला. "पानी हवेपेक्षा लय लवकर ऊब ओढून नेते. आधी मजा वाटते, मंग दात वाजाले लागते. या रबरात बारीक बारीक बुडबुडे असते, ते ऊब धरून ठेवते."

शोभाताई गोळ्या मोजत होत्या. त्यांनी मान वर केली. "अठ्ठावीस म्हनजे थंडच की रे! आमच्या इकडे अठ्ठावीस झालं का लोकं पेटीतून स्वेटर काढते!"

*

त्याच दुपारी वंदनाला तो घालून पाहायचा होता. दार लावलं, पडदा ओढला. सूट गुडघ्यापर्यंत आला आणि अडला. शोभाताईंनी एक बाजू धरली, मी दुसरी. मी जरा जोरातच ओढत होते, कारण फाटला तर फाटला, असं मनात होतंच! पण तो मेला फाटतोय कुठला?

शेवटी चढला एकदाचा. शोभाताईंनी पुढची चेन गळ्यापर्यंत ओढली. वंदनाचा चेहरा टोमॅटोसारखा झाला.

"काहून व, दाबून राह्यला का?" शोभाताईंनी विचारलं.

"श्वास... येत नाही..."

तेवढ्यात लाइट गेली. पंखा बंद. मी घाईघाईनं मिलिंदला फोन लावला.

"चेन कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"गळ्याशी."

"अवो ताई, चेन पाठीवर असते! उलटा घातला तुमी!"

बाहेरून कोणीतरी दार ठोठावत होतं. "सिस्टर, पट्टी बदलाची हाय!" आणि आत एक सिस्टर काळ्या रबरात अडकलेली, दुसऱ्या दोघी हसून जमिनीवर बसलेल्या! वंदना रडकुंडीला आली. मला त्या रात्री फार छान झोप लागली.

*

आता मलाही सूट हवा होता. तोही वंदनापेक्षा भारी. मोबाइलवर पाहिलं तर किती प्रकार! अर्ध्या बाह्यांचे, अर्ध्या पायाचे, नुसते पातळ लायक्राचे, तीन मिलिमीटर, पाच मिलिमीटर, डोकं झाकायची टोपी असलेले. वंदनाचा तीनचा होता. म्हणजे मला पाचचा!

मिलिंद म्हणाला, "पाच कायले, ताई? इकडच्या पान्याले तीन पुरते. काही लोक तं अर्ध्या सुटावर उतरते. लायक्रा पन चालते, तो जेलीफिशपासून आन उन्हापासून वाचवते, ऊब मातर देत नाही. पाचमध्ये तुमी नावेतच शिजून जासान."

मला वाटलं, बहिणीचा वरचढ राहावा म्हणून असं सांगतो आहे. भाऊ आहे शेवटी!

घरी विषय काढला. आमचे हे ओसरीवर बसून किडकी बोंडं फोडून बघत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, मग हातातलं बोंड खाली ठेवलं.

"इकडे कापूस अळीनं खाल्ला," ते म्हणाले, "आन तुले समुद्रात जाऊन थंडी वाजवून घ्याची हाय!"

माझं विमानाचं तिकीट आधीच निघालेलं होतं, म्हणून मी गेले. सूट मात्र तिथं गेल्यावर भाड्याचा घ्यायचं ठरलं.

*

अंदमानात मिलिंदच्या दुकानात सुटांची रांग टांगलेली. "दुसऱ्या कातडीसारखा बसला पायजे," तो म्हणाला. "ढिला असला का थंड पानी आत-बाहेर करत राह्यते, मंग घालून काही फायदा नाही. पन श्वास मोकळा आला पायजे."

"कोनता साइज, ताई?"

वंदनाचा मीडियम होता. मी म्हटलं, "मीडियम."

मिलिंदनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चांगल्या घरचा मुलगा, मीडियमच काढून दिला. पडद्यामागून मी बाहेर आले तेव्हा माझे दोन्ही हात कावळ्याच्या पंखांसारखे बाजूला उभे होते.

"ताई, श्वास घ्या."

"मी घेऊन राह्यली," मी म्हटलं, "ड्रेस घेऊ देत नाही!"

वंदना तोंडावर टॉवेल धरून हसत होती. लार्ज मुकाट्यानं घेतला.

शोभाताईंची गंमत वेगळीच. त्यांनी कोणाचं न ऐकता पाच मिलिमीटरचा, सगळ्यांत मोठा सूट उचलला. "मले थंडी सोसत नाही," एवढंच म्हणाल्या. नावेत बसल्याबसल्या घामानं भिजल्या. पाण्यात उतरल्या तर बुडेचनात! जाड रबर त्यांना बुचासारखं वर ठेवत होतं. मिलिंदनं कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजनं घातली, आणखी घातली. ताई आडव्या तरंगत राहिल्या. शेवटी मास्क काढून खरोखर रडायला लागल्या.

मिलिंद डोक्याला हात लावून म्हणाला, "बुडत नाही म्हून रडनारी बाई मी पयल्यांदा पाह्यली!"

त्यांना तीनचा सूट दिला तेव्हा कुठे त्या खाली आल्या.

*

खाली काय होतं ते मला सांगता येत नाही. निळ्या रंगाला इतके मजले असतात हे माहीत नव्हतं. पण कासव दिसलं ते वंदनालाच! मी त्याच वेळी मास्कमधलं पाणी काढत होते.

वर आलो. वंदना काडीसारखी बारीक, स्वतःच्या मापाचा, भावानं पाठवलेला सूट अंगात, आणि ओठ निळे! दात कडकड वाजत होते. मिलिंदनं तिला टॉवेलात गुंडाळलं, वर जाकीट घातलं, गरम चहा दिला. मी भाड्याच्या, ठिगळ लावलेल्या सुटात मजेत बिस्किटं खात बसले होते.

"मीनाताईले काहून थंडी वाजत नाही?" वंदनानं विचारलं. तिच्या आवाजात मला जे ऐकायचं होतं ते होतं. ती जळत होती! माझ्यावर!

शोभाताईंनी माझ्या दंडावर थाप मारली. "तिले देवानंच पाच मिलिमीटर देऊन पाठवलं!"

*

परत आल्यावर वंदनाचा तो सूट कपाटातच राहिला. पुढच्या पावसाळ्यात त्याला बुरसट वास यायला लागला. मिलिंदनं फोनवर सांगितलं, साध्या पाण्यानं धू, सावलीत वाळव, उन्हानं रबर खराब होते. सावलीची हवेशीर जागा म्हणजे वॉर्डाच्या मागचा व्हरांडा. तिथं तिनं तो जाड हँगरवर टांगला. कोणी हात तर लावत नाही ना, म्हणून ड्युटीतून सारखी डोकावून जायची. मला दारावरून जाताना तो दिसायचा आणि परत पोटात दुखायचं.

ते फवारणीचे दिवस होते. कपाशीवर औषध मारताना अंगावर उडून, नाकातोंडात जाऊन माणसं दवाखान्यात यायची. खिडकीजवळच्या खाटेवर असाच एक जण होता. दुसऱ्यांच्या शेतात पंप घेऊन फवारणी करणारा. उलट्या थांबल्या होत्या, डोळे अजून लाल होते. सकाळपासून तो खिडकीबाहेर पाहत होता.

वंदना त्याचं सलाइन बदलायला गेली. मी शेजारच्या खाटेवर बीपी घेत होते.

"बाई, ते कोनाचं हाय?"

"माहं हाय."

"हातापायाले पूर्न बंद हाय काय?"

"हाव."

"मांगूनबी?"

"मांगून चेन हाय. पान्यात घालाचं असते ते. समुद्रात."

तो कोपरावर जोर देऊन थोडा उठला आणि पुन्हा त्या सुटाकडे पाहायला लागला. छातीवरच्या निळ्या पट्ट्याकडे, बाह्यांकडे. असं पाहणं मला ओळखीचं होतं.

"नशीब लागते," तो म्हणाला.

वंदनानं सलाइनच्या थेंबांचा वेग जुळवला. ती जायला वळली तेव्हा त्यानं हळूच हाक मारली.

"बाई, दोनच एकर राह्यले. सुट्टी झाली का नेऊ देता काय? फवारलं का धुऊन आनून देतो."